लिखा दिसल्या नाहीत म्हणून: एका घरातल्या पिसवांचं प्रकरण

ही एका घरातली सत्तर दिवसांची हकीकत आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे मात्र त्या घरातल्या वहिनींनी रोज संध्याकाळी वहीत टिपलेले आहेत.

## पार्श्वभूमी

मी ज्या छोट्या गटात काम करतो, तो टाकून दिलेली, आईविना सापडलेली पिल्लं सांभाळतो आणि त्यांना घर शोधून देतो. ठिपकी नावाचं मांजरीचं पिल्लू आमच्याकडूनच या घरी गेलं. तेव्हा ते जेमतेम पाच आठवड्यांचं होतं. एरवी आठ आठवड्यांच्या आत आम्ही पिल्लू देत नाही, पण आमच्याकडे जागा उरली नव्हती आणि या घरात दर तीन तासांनी दूध पाजायची तयारी होती. देण्याआधी आम्ही तिचे डोळे पाहिले, कान पाहिले, पोट फुगलंय का ते चाचपलं. अंगावरून बारीक दातांची फणी फिरवली नाही. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

घरात माणसं चार: नवरा-बायको, त्यांचं नऊ महिन्यांचं रांगतं बाळ आणि आजी. शिवाय भुऱ्या, पाच वर्षांचा, अठरा किलोचा कुत्रा. घर तळमजल्यावर, तीन खोल्यांचं, मागे थोडं अंगण. बाहेरच्या खोलीत मोठा गालिचा आणि जुना सोफा. भुऱ्या गालिच्यावर झोपायचा. ठिपकीचं खोकं सोफ्याच्या पायाशी, आत जुनी शाल अंथरलेली.

ठिपकी आल्यावर बारा दिवसांनी घरच्यांना कामासाठी परगावी जावं लागलं. घर अठरा दिवस बंद राहिलं. दोन्ही जनावरांना गाडीच्या मागच्या सीटवर चादर अंथरून नणंदेकडे सोडलं.

जाण्याच्या आधीच्या आठवड्यात भुऱ्या खाजवत होता. वहिनींना शंका आली होती. आजींनी त्याला मांडीशी घेऊन मानेपासून शेपटीपर्यंत केस बाजूला करून पाहिलं. त्यांनी मुलांच्या, नातवंडांच्या डोक्यातल्या उवा आयुष्यभर काढलेल्या. त्यांची नजर अशा कामात पक्की होती. त्या म्हणाल्या, "अगं, एकसुद्धा लीख नाही अंगावर. पिसवा असत्या तर लिखा दिसल्या नसत्या का?"

या वाक्यात चूक कुठे आहे ते मला नंतर नीट उलगडून सांगावं लागलं. ऊ आपली अंडी केसाला चिकटवते, म्हणून लीख ओढून काढावी लागते. पिसवेचं अंडं गुळगुळीत असतं, अर्धा मिलिमीटरएवढं, मिठाच्या बारीक कणासारखं, आणि ते केसाला चिकटत नाही. जनावर उठलं, अंग झटकलं, उडी मारली की अंडी खाली सांडतात. म्हणजे जनावराच्या अंगावर लिखा शोधणं व्यर्थ. पिसवांची अंडी गालिच्यात असतात.

## परत आल्यावर

अठरा दिवसांनी सगळे संध्याकाळी घरी पोचले. वहिनींनी दार उघडलं, बाळाला कडेवर घेऊन खोलीभर फिरल्या, खिडक्या उघडल्या. पाच मिनिटांत त्यांच्या पांढऱ्या मोज्यांवर काळे ठिपके दिसू लागले. झटकले तर ठिपके उडाले. रात्री बाळाच्या पोटऱ्यांवर एका रांगेत तीन-चार लाल पुटकुळ्या.

पहिला संशय नणंदेवर गेला. जनावरं तिच्याकडे होती, तिकडूनच आणली असणार. फोनवर दोन शब्द इकडचे तिकडे झाले आणि दोन दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

खरं कारण बंद घरात होतं. पिसवेचे चार टप्पे: अंडं, अळी, कोष आणि प्रौढ पिसू. अळी पांढरट, दोऱ्याच्या तुकड्यासारखी; तिला उजेड नको असतो, ती गालिच्याच्या तळाशी, फटीत, सोफ्याच्या गादीखाली शिरते. ती कुणाला चावत नाही. तिचं खाणं म्हणजे प्रौढ पिसवांची विष्ठा, जी मुळात सुकलेलं रक्तच असते आणि अंड्यांसोबत जनावराच्या अंगावरून खाली पडते. पुढे अळी चिकट कोष विणते, त्याला धूळ चिकटते आणि कोष दिसेनासा होतो. आतली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर पडत नाही. जमिनीला हादरा बसणं, दाब पडणं, ऊब लागणं, श्वासातला कार्बन डायऑक्साइड येणं यांची ती वाट पाहते. आसपास कुणी नसेल तर कित्येक महिने तशीच बसून राहू शकते.

ठिपकीच्या बारा दिवसांच्या मुक्कामात गालिच्यावर जे सांडलं होतं, ते अठरा दिवसांत कोषात गेलं. मग माणसांची पावलं एकदम वाजली. नणंदेचा यात दोष नव्हता. उलट तिच्या घरीही आता तेच सुरू झालं असणार होतं. मी पहिल्याच भेटीत वहिनींना सांगितलं की आधी त्यांना फोन करा. तो फोन त्यांनी केला, आणि दोन्ही घरांत एकाच आठवड्यात काम सुरू झालं. तसं झालं नसतं तर दर येण्या-जाण्यात पिसवांची देवाणघेवाण होत राहिली असती.

## पहिला निर्णय, आणि तो जवळपास जिवावर बेतला

मला बोलावण्याआधी, म्हणजे दुसऱ्या दिवशी, घरच्यांनी एक उपाय करून टाकला होता. बाळ रांगतं आहे, घरात रसायन नको, हे त्यांचं मत ठाम होतं आणि ते मत मला आजही रास्त वाटतं. कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी टी ट्री तेलाचे थेंब पाण्यात घालून ते पाणी दोन्ही जनावरांवर फवारलं. झाडाचं तेल, सुगंधी, माणसांच्या साबणात असतं. त्यात भीती कसली, असं वाटणं साहजिक आहे.

तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. त्यामुळे फवाऱ्यातून कुणाला किती तेल मिळालं हे सांगता येत नाही. ठिपकीने अंग चाटलं. दीड-दोन तासांत तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, मागचे पाय लटपटू लागले, अंग गार पडलं. वहिनींनी मला फोन केला तेव्हा त्यांना तेलाचा संबंध लागला नव्हता. "पिल्लू पिसवांनी मरतंय का?" असं त्या विचारत होत्या.

मांजराच्या यकृतात अशा काही पदार्थांची वासलात लावणारी यंत्रणा फार तोकडी असते. टी ट्री, पेनीरॉयल (पुदिन्याच्या जातीची वनस्पती), लिंबूवर्गीय तेलं मांजरांना विषारी ठरतात. टी ट्री आणि पेनीरॉयल तर कुत्र्यांनाही. मी त्यांना कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण वापरून अंगावरचं तेल हलक्या हाताने धुवायला, लगेच टॉवेलने कोरडं करून उबेत गुंडाळायला आणि थेट पशुवैद्यांकडे निघायला सांगितलं. उलटी करवू नका, हेही बजावलं. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. ती वाचली.

तिथे दुसरी गोष्ट कळली. ठिपकीचं वजन फक्त ६५० ग्रॅम होतं आणि हिरड्या गुलाबी असायच्या त्या जवळपास पांढऱ्या पडल्या होत्या. इतक्या लहान जिवाच्या अंगावर पिसवा झाल्या की त्या रक्त पिऊनच त्याला मारू शकतात. म्हणजे तेल झालं नसतं तरी आणखी काही दिवसांत ती धोक्यात आलीच असती. हिरड्यांकडे आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.

## समोर असलेले पर्याय

तिसऱ्या दिवशी आम्ही स्वयंपाकघरात बसून वहीच्या पानावर सगळे पर्याय मांडले. आजी, वहिनी, दादा आणि मी.

पहिला पर्याय घरभर औषध फवारून घेण्याचा. दादांचा कल तिकडे होता, कारण एका दिवसात सुटका हवी होती. पण फवारा सोफ्याखाली, गादीच्या शिवणीत, गालिच्याच्या तळाशी नीट पोचत नाही आणि कोषातल्या पिसवेला तो बहुतेक वेळा लागतच नाही. दोन आठवड्यांनी नवी फळी बाहेर येते. घरात रांगतं बाळ आणि आत्ताच विषबाधेतून उठलेलं पिल्लू. हा पर्याय आम्ही खोडला.

दुसरा, जनावरांना पशुवैद्याचं औषध: मानेवर टाकायचे थेंब किंवा पोटातून गोळी. परिणाम सगळ्यात खात्रीचा यातच. ठिपकीचं वजन त्या औषधांच्या किमान मर्यादेखाली होतं, म्हणून डॉक्टरांनीच तिच्यासाठी तूर्त फणी आणि कोमट आंघोळ सांगितली. प्रश्न भुऱ्याचा. बाळ त्याच्या गळ्यात पडतं, केस तोंडात घालतं, म्हणून थेंब नकोत असं घरच्यांचं म्हणणं. शिवाय कुत्र्यांसाठीच्या काही थेंबांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि ते मांजराला घातक आहे. एकाच घरात दोघं असताना ते टाळलेलंच बरं. गोळीला मी अनुकूल होतो, कारण ती अंगावर काहीच ठेवत नाही. घरच्यांनी ती राखून ठेवायचं ठरवलं.

तिसरा, घरगुती उपाय. यादी मोठी झाली. लसूण खाऊ घालणं मी तिथल्या तिथे खोडायला लावलं: लसूण आणि कांदा कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि ठिपकी आधीच पांढरीफटक होती. कापूर आणि डांबराच्या गोळ्याही बाद, दोन्ही विषारी. व्हिनेगरने पिसू मरत नाही. गालिच्यावर मीठ पसरलं तर चाटून जनावर आजारी पडू शकतं. डायटोमेशिअस अर्थ ही बारीक पूड कीटकाचं अंग कोरडं करून मारते, पण दमट हवेत निकामी होते आणि तिची धूळ श्वासात जाते. रांगणारं बाळ जमिनीपासून वीतभर उंचीवर श्वास घेतं, म्हणून तीही नको. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी फक्त भुऱ्यासाठी, एकदा करून बघायचं ठरलं.

चौथा पर्याय म्हणजे फणी, साबणाचं पाणी, धुणं, झाडणं आणि दिवस मोजणं. कष्टाचा, रोजचा, पण कुणाला इजा न करणारा. हाच घेतला. आणि एक अट वहीच्या पहिल्या पानावर लिहिली: २१ व्या दिवशी भुऱ्याच्या अंगावर रोज दहापेक्षा जास्त पिसवा सापडत असतील, किंवा कधीही कातडी सोलवटली, तर गोळी द्यायची, त्यावर पुन्हा वाद नाही. सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही ओळ. कंटाळा आला, माया आड आली, हट्ट चढला, तरी निर्णय आधीच घेऊन ठेवलेला होता.

## काय केलं

आजींनी फणी हातात घेतली. पिसवांच्या फणीचे दात उवांच्या फणीसारखेच एकमेकांना खेटून असतात. एका वाडग्यात पाणी आणि त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. पहिल्या संध्याकाळी त्यांनी सवयीने पिसू दोन नखांत धरून चिरडायचा प्रयत्न केला. पिसू दोन्ही बाजूंनी चपटी आणि कवचाने टणक. ती नखाखालून निसटली आणि उडाली. मग फणी तशीच साबणाच्या पाण्यात बुडवायची रीत पडली. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडून जाते. साबणाने पाण्याचा वरचा ताण मोडतो, मग ती बुडते.

फणीला काळी भुकटीही यायची. ती माती की पिसवांची घाण, हे ओळखायला आजींना ओला पांढरा कापूस दिला. भुकटी त्यावर ठेवली आणि अर्ध्या मिनिटात भोवती तांबूस-तपकिरी कडं पसरलं. ते भुऱ्याचंच रक्त होतं. आजी बराच वेळ त्या कापसाकडे बघत राहिल्या. त्यानंतर फणीची संध्याकाळ त्यांनी एकदाही चुकवली नाही, मान, कानामागची जागा, काखा आणि शेपटीचं बूड यांवर जास्त वेळ.

वहीतली पहिली नोंद, दिवस ३: भुऱ्या ४१, ठिपकी २३.

घरात काम तीन प्रकारचं. अंथरुणं, शाल, सोफ्याचे अभ्रे, गालिच्यावरची चादर हे सगळं दर तिसऱ्या दिवशी ६० अंश तापमानाच्या पाण्यात. ठिपकीचं खोकं टाकून दिलं. तिला प्लास्टिकची टोपली आणि धुता येईल असा एकच कपडा. गालिचा गुंडाळून अंगणात कडक उन्हात टाकला आणि पुन्हा आत आणलाच नाही. उघड्या फरशीवर अळीला लपायला फारशी जागा उरत नाही.

दुसरं काम व्हॅक्यूम क्लीनरचं. पहिले दोन आठवडे रोज, सोफ्याच्या फटी, गादीच्या शिवणी, भिंतीच्या कडा, पलंगाखाली. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये यावर प्रयोग केले होते: व्हॅक्यूमने आत ओढलेल्या प्रौढ पिसवांपैकी ९६ टक्के मेल्या, अळ्या आणि कोष तर सगळेच. त्यामुळे पिशवी जाळायची, गोठवायची वगैरे गरज नाही. तरीही आम्ही ती बाहेर नेऊन रिकामी केली. जे कोष धाग्याला चिकटून राहतात, त्यातल्या पिसवा यंत्राच्या हादऱ्याने जाग्या होऊन बाहेर येतात. आठवड्यात दोनदा असं झालं की व्हॅक्यूम फिरवल्यावर तासाभरात जास्त पिसवा दिसल्या, आणि दादा म्हणाले, "याने तर वाढतायत." वाढत नव्हत्या, आतल्या बाहेर येत होत्या, आणि बाहेर आलेली पिसूच तावडीत सापडते.

तिसरं, रात्री जमिनीवर पसरट पांढरी बशी, त्यात साबणाचं पाणी आणि वर छोटा दिवा; बाळ आणि जनावरं दुसऱ्या खोलीत. उजेडाकडे आणि उबेकडे येणाऱ्या पिसवा पाण्यात पडतात. याने घर साफ होत नाही, पण कोणत्या खोलीत किती शिल्लक आहेत याचा अंदाज येतो. पहिल्या रात्री बाहेरच्या खोलीत १४, आजींच्या खोलीत १, स्वयंपाकघरात एकही नाही. म्हणजे सगळी मेहनत बाहेरच्या खोलीत लावायची.

अंगणाकडे फार लक्ष दिलं नाही. उघड्या, उन्हात तापणाऱ्या जमिनीत अळ्या टिकत नाहीत. पायरीखालच्या सावलीत ओल्या पाल्याचा ढीग होता, तिथे भटकी मांजरं बसायची. तो उपसला आणि त्या जागेच्या तोंडाला जाळी लावली.

कडुनिंबाबद्दल वहिनींनी जे केलं ते मला फार आवडलं. आदल्या संध्याकाळी भुऱ्याच्या अंगावर ३९. पाल्याच्या पाण्याने आंघोळ घातल्याच्या संध्याकाळी १७. दुसऱ्या दिवशी परत ३६. चार दिवसांनी त्यांनी नुसत्या साबणाने आंघोळ घातली: ३४, मग १५, मग ३१. एका घरातल्या दोन आंघोळींवरून कडुनिंबाला निकालात काढता येणार नाही. पण या वहीत तरी पाल्याचं पाणी आणि साधा साबण यांत फरक दिसला नाही, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी आकडा वर आला, कारण धुतलेल्या कुत्र्यावर जमिनीतून नव्या पिसवा चढल्या. ते पान आजींनी स्वतः वाचलं. त्यानंतर पाला उकळायचं बंद झालं.

## आकडे खाली आले, आणि पुन्हा चढले

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी २०. सतराव्या दिवशी ९. एकविसाव्या दिवशी ६. अट पाळली गेली, गोळी टळली, घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. ठिपकी तर ८०० ग्रॅमच्या पुढे गेली होती आणि तिच्यावर एक-दोनच सापडत होत्या.

चोविसाव्या दिवशी भुऱ्यावर २७. पंचविसाव्या दिवशी ३१.

दादांनी ठरवून टाकलं की ही पद्धतच फसली. तेवढ्यावर थांबलो असतो तर आम्हीही तेच म्हटलं असतं. पण रात्रीच्या बशीत फक्त दोन पिसवा होत्या. घरात नाहीत, कुत्र्यावर आहेत. वहिनींनी वहीत एक रकाना उगीचच ठेवला होता, "आज कुठे गेलो". बाविसाव्या दिवशी नोंद होती: भुऱ्याला गाडीतून डॉक्टरांकडे, लस.

गाडी. मागच्या सीटवर ती चादर अजून तशीच होती, जिच्यावर बसून दोन्ही जनावरं नणंदेकडे गेली आणि परत आली. तीन आठवडे बंद, सावलीत उभी असलेली गाडी. चादर उचलली तर सीटच्या खोबणीत मीठ आणि मिरपूड एकत्र सांडल्यासारखं दिसत होतं: पांढरी ती अंडी, काळी ती विष्ठा. चादर धुतली, सीट खोबणीपासून खोबणीपर्यंत व्हॅक्यूमने ओढून काढली, दर दोन दिवसांनी, दोन आठवडे.

तोपर्यंत भुऱ्याच्या शेपटीच्या बुडाशी तळहाताएवढी जागा सोलवटली होती. डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं की याला पिसवांच्या लाळेची अॅलर्जी आहे. अशा कुत्र्याला थोडेसे चावेही पुरतात. वहीतली दुसरी अट लागू झाली. सत्ताविसाव्या दिवशी वजनानुसार गोळी दिली. त्याआधी त्याला कधी आकडी आली आहे का, हे डॉक्टरांनी विचारून घेतलं, कारण या प्रकारच्या काही गोळ्या आकडी येणाऱ्या कुत्र्यांना जपून द्याव्या लागतात. वहिनींना वाटत होतं आपण हरलो. मला तसं वाटलं नाही, आणि मी त्यांना तसं सांगितलं: आपण अट लिहिली होती ती याच दिवसासाठी.

## शेवटी काय झालं

गोळीनंतर दोन दिवसांत फणीला फक्त मेलेल्या किंवा अर्धमेल्या पिसवा आल्या. तिसाव्या दिवसापासून शून्य ते दोन. जमिनीतून निघणारी प्रत्येक नवी पिसू भुऱ्यावर चढून चावली की मरत होती. अंडी घालायला उरतच नव्हती. त्याच सुमारास आजींना त्याच्या शेपटीखाली तांदळाच्या कणीएवढे पांढरे हलणारे तुकडे दिसले. तो पट्टकृमी. खाजवताना पिसू तोंडात गेली की त्यातून तो पोटात जातो. त्याचं वेगळं औषध दोघांनाही दिलं. लहान मुलाच्या पोटात पिसू गेली तर त्यालाही हा जंत होऊ शकतो, म्हणून बाळाच्या डॉक्टरांनाही दाखवून घेतलं. बाळ ठीक होतं.

ठिपकीचं वजन पुरेसं झाल्यावर डॉक्टरांनी तिला मांजरांसाठीचे थेंब सुरू केले. दोन आठवडे सलग बशी रिकामी आली तेव्हा, बावन्नाव्या दिवशी, बशी ठेवणं थांबवलं. धुणं आणि व्हॅक्यूम आठवड्यातून एकदा. सत्तराव्या दिवशी वही बंद झाली, ठिपकी १.४ किलो, हिरड्या गुलाबी. नणंदेच्या घरी तर गालिचाच नव्हता, तिथे सगळं महिन्याभरात आटोपलं.

## आज पुन्हा करायचं झालं तर

घरच्यांनी घेतलेला मुख्य निर्णय, घरभर फवारणी नाही, मी आजही तसाच घेईन. जमिनीवरचं काम कुठल्याच औषधाने टळलं नसतं.

भुऱ्याला गोळी मात्र मी पहिल्याच आठवड्यात द्यायला सांगेन, आणि जास्त आग्रहाने. तेव्हा मी घरच्यांच्या मनाचा मान ठेवून मागे राहिलो. त्याची किंमत भुऱ्याच्या कातडीने मोजली. त्याला अॅलर्जी आहे हे पिसवा नसताना कळलं नसतं हे खरं. पण तो बूड चावत होता हे पहिल्या दिवसापासून वहीत लिहिलेलं होतं आणि मी त्याकडे नीट पाहिलं नाही. फणी पुरेशी ठरते ती बहुधा थोड्या पिसवा, निरोगी जनावर आणि रोज तासभर देणारं माणूस असेल तिथे. इथे तिसरी गोष्ट होती, पहिल्या दोन नव्हत्या.

जागांची यादी करताना खोल्यांवरून मोजू नये. जनावराच्या मागे मागे जाऊन मोजावी: ते कुठे झोपलं, कुठे बसलं, कशातून प्रवास केला, कुणाच्या मांडीवर. असं केलं असतं तर गाडी पहिल्याच पानावर आली असती आणि तीन आठवड्यांची मेहनत मधेच गळपटली नसती.

तेलाबद्दल घरच्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. ठिपकी त्यांच्या हाती देताना आम्ही एक कागद दिला होता. त्यात दूध, लस, वाळूचा ट्रे सगळं होतं आणि मांजरावर काय लावू नये याची एक ओळही नव्हती. आता तो कागद बदलला आहे. सुगंधी तेलं, कुत्र्याचे थेंब, लसूण, कापूर, डांबराच्या गोळ्या यांची नावं सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत आहेत.

आणि पिल्लू देण्याआधी आम्ही आता तीन गोष्टी करतो. हिरड्या पाहतो, फणी फिरवतो, आणि फणीला काळं काही आलं तर ते ओल्या कापसावर ठेवून अर्धा मिनिट थांबतो. मागच्या खेपेच्या चार पिल्लांपैकी दोघांच्या कापसाला तांबूस कडं आलं. ती दोन्ही अजून आमच्याकडेच आहेत.